पेपरात नाव आल्यावर

दिलगिरीची जागा ठरलेली असते. आतलं पान, खालचा कोपरा, एक कॉलम, वर बारीक टायपात ‘खुलासा’ किंवा ‘दुरुस्ती’. ‘दिलगिरी’ हा शब्द संपादकांनी स्वतः सांगितल्याशिवाय लावायचा नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं गेलं आणि निवृत्त होईपर्यंत मी ते पाळलं. मी उपसंपादक होतो, जिल्हा पानाच्या टेबलावर. सकाळी अकराच्या सुमाराला टेबलं अजून रिकामी असायची, आणि हातात कात्रण घेऊन कोणीतरी दारात उभं असायचं. पतपेढीचा चेअरमन, शिक्षणसंस्थेचा सचिव, कधी नगरपालिकेतला एखादा अभियंता. एका सोसायटीच्या चेअरमनने तर बातमी फूटपट्टीने मोजून आणली होती. ‘अठरा सेंटिमीटर आहे साहेब, खुलासाही अठरा सेंटिमीटर पाहिजे, त्याच पानावर.’ शेजारच्या जाहिरात विभागाने त्याला अठरा सेंटिमीटरचा दर लगेच सांगितला असता. मी चहा पाजला आणि चार ओळी कबूल केल्या.

बातमी खरी की खोटी, हे बऱ्याचदा दोन दिवसांत कळायचं. नाव छापून आलेला माणूस पुढे काय करतो, हे कळायला वेळ लागायचा, आणि माझं लक्ष तिकडेच जास्त असायचं. कोणी वकिलाची नोटीस पाठवायचा, कोणी वर्षभर पेपर बंद करायचा, कोणी पुढच्याच आठवड्यात आमच्या दिवाळी अंकाला जाहिरात द्यायचा. हा चाळा पुढे वाचनातही आला. पुण्याचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास आपण लिहिणाऱ्यांच्या बाजूने वाचतो: टिळकांनी काय लिहिलं, आगरकरांनी काय लिहिलं. ज्यांच्यावर लिहिलं त्यांनी काय केलं, आणि लिहिणाऱ्यांवरच पाळी आली तेव्हा त्यांनी काय केलं, या बाजूने तो वाचला तर वेगळीच माणसं पुढे येतात.

पहिले येतात रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे, म्हणजे माधवराव बर्वे, कोल्हापूर संस्थानचे कारभारी. आज त्यांचं नाव निघतं ते फक्त टिळक-आगरकरांच्या चरित्रात, आणि तेही ‘बर्वे प्रकरण’ एवढ्यापुरतं. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी होते. दत्तक आलेले, वय अठरा-एकोणीस. त्यांना वेडाचे झटके येतात असं सरकार म्हणत होतं. त्यांचा छळ होतो आहे, मुद्दाम वेडं ठरवलं जातं आहे आणि त्यामागे कारभारी आहेत, अशी बोलवा पुण्यात होती. ‘मराठा’ आणि ‘केसरी’ जानेवारी १८८१मध्ये निघाले. वर्ष संपता संपता दोन्ही पत्रं या विषयावर तुटून पडली. पुण्यात सभा झाली. मग काही पत्रं हाताशी आली. ती बर्व्यांच्या हातची आहेत, त्यांच्यावरून कट उघड होतो, असं सांगण्यात आलं. नव्या पेपराला असा कागद मिळाल्यावर काय होतं ते मला कोणी समजावून सांगायला नको. कागद हातात आला की शंका सुचत नाही, मथळा सुचतो.

बर्व्यांनी खुलासा पाठवण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी थेट फिर्याद ठोकली. इंडियन पीनल कोड १८६०चा, तेव्हा जेमतेम विशीतला. कलम ४९९ अब्रूनुकसानी म्हणजे काय ते सांगतं, कलम ५०० त्याची शिक्षा. ही दोन कलमं आमच्या धंद्यात पाढ्यांसारखी पाठ असतात; आता नव्या न्याय संहितेत आकडा बदलला आहे, मजकूर फारसा नाही. लिहिलेलं खरं आहे हे दाखवलं तरी भागत नाही, ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. टिळक-आगरकरांना दुसरी गोष्ट सहज दाखवता आली असती. पहिलीपाशीच गाडी अडली. पत्रं बनावट निघाली.

हे लक्षात आल्यावर ‘केसरी’ने माफी छापली. निकाल लागण्याआधीच चूक झाली असं कबूल केलं. बर्व्यांनी ती माफी स्वीकारली नाही, फिर्याद मागे घेतली नाही. चरित्रकार इथे बर्व्यांवर थोडे रुसलेले दिसतात. मला तो रुसवा पटत नाही. महिनोन्‌महिने तुमच्यावर राजाचा छळ केल्याचा आरोप छापला जातो, तो घरोघर वाचला जातो, आणि शेवटी एक दिलगिरीची चौकट येते. ती कोणी वाचली? ज्यांनी वाचली त्यांच्यापैकी कितींनी मनातून आरोप पुसला? फूटपट्टी घेऊन आलेला तो चेअरमन मला म्हणूनच कधी विनोदी वाटला नाही. अशा माणसाला छापलेल्या शब्दाच्या वरचढ काहीतरी हवं असतं, आणि न्यायालयाच्या शिक्क्याखेरीज तसं दुसरं काही त्याच्या हाताशी नसतं.

तो शिक्का मिळाला. १७ जुलै १८८२ला मुंबईत हायकोर्टात दोघांना चार-चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी डोंगरीच्या तुरुंगात झाली. सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले. एकूण एकशे एक दिवस. आगरकरांनी त्याच आकड्याचं पुस्तक लिहिलं, ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’, आणि तुरुंगात बसून ‘हॅम्लेट’चं मराठीही केलं, ते ‘विकारविलसित’. कोठडीत दोघांचे वाद इतक्या चढ्या आवाजात चालायचे की पहारेकऱ्यांना गप्प करायला यावं लागे, ही आठवण पुढे टिळकांनीच सांगितली. सुटकेच्या दिवशी तुरुंगाबाहेर गर्दी लोटली होती. खटल्याच्या खर्चासाठी विद्यार्थ्यांनी नाटक केलं होतं, गावोगावहून पैसे आले होते. म्हणजे निकाल बर्व्यांच्या बाजूने लागला आणि हारतुरे आरोपींना मिळाले. बनावट पत्रांची गोष्ट मागे पडली, तुरुंगाची पुढे आली. आमच्या भाषेत सांगायचं तर तुरुंग पहिल्या पानावर गेला, खुलासा आतल्या.

या प्रकरणात एक तपशील आहे, तो दोन-तीन चरित्रांत दोन ओळींत उरकलेला दिसतो. त्यावर थांबावंसं वाटतं. टिळक-आगरकरांना जामिनासाठी दहा हजार रुपये हवे होते. ही रक्कम उभी केली रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून. उरवणे सत्यशोधक. आणि ‘केसरी’ ज्या मंडळींचा, त्यांचे अग्रणी विष्णुशास्त्री चिपळूणकर. शास्त्रीबुवांनी ‘निबंधमाले’त फुल्यांची जी टवाळी केली होती ती साधी नव्हती. विचारांचा समाचार घेता घेता ते त्यांच्या भाषेवर, व्याकरणावर, शिक्षणावर घसरले होते. आणि ‘निबंधमाला’ तेव्हाचा शिकलेला पुणेरी तरुण तोंडपाठ करत होता. चिपळूणकर मार्च १८८२मध्येच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्याच सुमाराला त्यांच्या सोबत्यांवर संकट आलं, आणि जामीन आला तो ज्यांची टर उडवली होती त्यांच्या घरून.

फुले मवाळ गृहस्थ नव्हते. १८८५मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण आलं तेव्हा त्यांनी पाठवलेलं नकाराचं पत्र ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलं, आणि त्यात कोणाची भीडमुर्वत ठेवलेली नाही. तेव्हा हा जामीन म्हणजे क्षमाशील स्वभावाचं लक्षण, असं म्हणून मोकळं होता येत नाही. मला वाटतं हिशेब सरळ होता: गादी शिवछत्रपतींची, महाराज अडचणीत, आणि त्यांच्यासाठी लिहून दोन पोरं कोर्टात उभी. त्या पोरांच्या गुरूने आपल्याबद्दल काय लिहिलं होतं याचा या हिशेबात संबंध नव्हता. टीका एका खात्यात, मदत दुसऱ्या खात्यात. पेपरवाल्यांना हे जमत नाही. आम्ही ज्याच्यावर लिहिलं त्याच्या घरच्या लग्नाची बातमीसुद्धा दोन ओळी कमी करून लावलेली मी पाहिली आहे.

आणि महाराजांचं काय झालं? १८८२मध्येच त्यांना नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. २५ डिसेंबर १८८३ला, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, ते तिथेच मरण पावले. वय वीस. पत्रं खोटी होती, पण त्या मुलाचे हाल होत आहेत ही काळजी खोटी नव्हती. खोटा कागद पुरावा म्हणून लावला की त्याच्याबरोबर खरी तक्रारही निकालात निघते. माफी मागताना काय चुकलं आणि काय चुकलं नाही हे वेगवेगळं करून सांगावं लागतं, आणि कलम ५०० डोक्यावर टांगलेलं असताना ते कोणाला सुचत नाही. मी लिहिलेल्या चार-चार ओळींच्या खुलाशांतही ते कधी झालं नाही.

ज्यांनी इतरांना पिंजऱ्यात उभं केलं होतं त्यांना पुढच्या दहा वर्षांत पुण्याने एकेक करून उभं केलं. आगरकरांचं सगळ्यांना ठाऊक आहे. १८८७मध्ये ‘केसरी’ सोडला, १५ ऑक्टोबर १८८८ला ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोखल्यांकडे, मराठी बाजू स्वतःकडे. संमतिवय, केशवपन, सोवळं, श्राद्ध, बायकांचे पोशाख, काहीही सोडलं नाही. लोकांनी उत्तर म्हणून त्यांचा पुतळा केला, तिरडीवर बांधला आणि वाजतगाजत त्यांच्याच घरावरून नेला. जिवंत माणसाची प्रेतयात्रा. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट आगरकरांच्या धैर्याची म्हणून येते, ते बरोबरच आहे. मला त्यात मिरवणूकवाल्यांचीही एक कबुली दिसते. त्यांच्याकडे पेपर होते, शास्त्री होते, सभा भरवायला वाडे होते; तरी शेवटी बांबू आणि गवत लागलं. आगरकरांनी पुढच्या अंकात लिहायचं ते लिहिलंच. दम्याने पोखरलेला माणूस, १८९२पासून फर्ग्युसनचा प्राचार्य, १७ जून १८९५ला गेला तेव्हा उशाशी स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे पुडीत बांधून ठेवलेले सापडले, असं सांगतात.

टिळकांची आणि रानड्यांची पाळी आली ती चहावरून.

गुरुवार पेठेत, तेव्हाच्या वेताळ पेठेत, पंचहौद मिशन आहे. उंच मनोऱ्याचं पवित्र नाम देवालय अजून उभं आहे, पेठेतल्या दाटीतून त्याचा मनोरा एकदम पुढ्यात येतो. ऑक्टोबर १८९०मध्ये या मिशनमध्ये एका कार्यक्रमाच्या निमित्ताने पुण्यातली नामवंत मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, आणखी बरेच होते. कार्यक्रम संपल्यावर मिशनतर्फे चहा आणि बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता हातात धरला, कोणी मानाने नको म्हटलं. सगळं घडवून आणलं होतं गोपाळराव जोशांनी. हे आनंदीबाईंचे यजमान. बायकोला अमेरिकेत पाठवून डॉक्टर केलं म्हणून एका पिढीचं कौतुक आणि शिव्या एकाच वेळी मिळवलेला, फार हुशार आणि तितकाच तऱ्हेवाईक गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्रात छापून आणली.

नावांची यादी ही आमच्या धंद्यातली सगळ्यात स्फोटक गोष्ट. शंभर ओळींचा लेख पचतो, वीस नावांची यादी पचत नाही. लेखात ‘असे म्हणतात’, ‘असे कळते’ घालता येतं. यादीत एक तर माणूस असतो किंवा नसतो. कप तोंडाला लावलेला आणि कप खाली ठेवलेला, दोघे यादीत सारखेच. गोपाळरावांना नेमकं तेच हवं होतं. चव्हाट्यावर सुधारणेच्या गप्पा मारणारे घरी किती धीराचे आहेत ते बघू, असा तो डाव होता. आणि कोणावर टीका करायला त्यांना स्वतःला एक शब्दही लिहावा लागला नाही.

मिशनऱ्याच्या घरचा चहा प्याला म्हणजे ग्रामण्य. या प्रकाराचा इतिहास प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१९मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहून मांडला आहे, आणि तो वाचताना कळतं की पेपर येण्याआधी आपल्याकडे जाहीर टीकेचं खातं हेच होतं. तक्रार करायची, ती धर्मपीठाकडे न्यायची, शास्त्र्यांनी चौकशी करायची, आणि निकाल लागेपर्यंत किंवा प्रायश्चित्त होईपर्यंत त्या घराशी रोटीबेटी बंद. शिक्षा तुरुंगाची नव्हती. श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही. मुंजीला भटजी मिळत नाही. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी पाठवत नाहीत. पंगतीत पान वेगळं मांडतात. म्हणजे केलं एकाने आणि भोगायचं घरातल्या बायकांनी. पुरुष दिवसा कचेरीत जायचा, तिथे गोरा साहेब विचारत नव्हता चहा कुठे प्यालास म्हणून. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला कळायचं की आज हळदीकुंकवाला कोणी आलं नाही.

बाळासाहेब नातू यांच्या पुढाकाराने तक्रार संकेश्वर पीठाच्या शंकराचार्यांकडे गेली. तिथून चौकशीला शास्त्री आले. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला, आणि तो त्यांच्या स्वभावाला शोभेलसा: शास्त्राने चालायचं ना, मग शास्त्रच काढा. कोणत्या स्मृतीत काय लिहिलं आहे, दोष कोणता, तो मोठा की लहान, प्रायश्चित्त किती. शिवाय आपण काशीला सर्वप्रायश्चित्त घेऊन आलो आहोत, असंही सांगितलं. डोंगरीला जाऊन आलेला माणूस, कायदा शिकलेला. त्याने धर्मपीठापुढेही खटलाच चालवला. सनातन्यांचं समाधान झालं नाही, कारण त्यांना पश्चात्ताप दिसायला हवा होता आणि समोर युक्तिवाद दिसत होता. सुधारक हसले, कारण त्यांच्या मते पीठाचा अधिकार मान्य केला तिथेच हार झाली. टिळकांच्या घरी धर्मकृत्यांना भटजी मिळण्याची पंचाईत मात्र व्हायची ती झालीच. संमतिवयाच्या कायद्याला विरोध करताना ज्यांच्या बाजूने ते उभे राहिले, त्यांच्यातल्याच काहींनी त्यांच्या घरावर ही वेळ आणली होती. या प्रकरणात एवढं गमतीचं दुसरं काही नाही, आणि टिळकांनी त्याबद्दल कुरकुर केल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

रानड्यांची गोष्ट वेगळी. त्यांना बहिष्कार नवा नव्हता. १८६९मध्ये मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांनी पुनर्विवाह घडवून आणला तेव्हापासून पुनर्विवाहवाल्यांवर बहिष्कार होता, आणि रानडे त्या गटातले. तरी त्यांच्यावर टीका करणाऱ्यांकडे हुकमाचं पान होतं. १८७३मध्ये पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी विधवेशी लग्न करायच्या ऐवजी वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी, रमाबाईंशी, लग्न केलं. पुढे आयुष्यभर रानडे सुधारणेवर काहीही बोलले की कोणीतरी हे पान टाकायचं. रानड्यांनी त्याचा जाहीर खुलासा कधी केला नाही.

१८९२मध्ये त्यांनी चहाचं प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१०च्या पुस्तकात हे सगळं सांगितलं आहे, आणि या प्रकरणावर इतर जे काही मी वाचलं त्या सगळ्यापेक्षा त्या पानांत जास्त आहे. यादीतल्या बाकीच्या मित्रांची घरं बेजार झाली होती. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं तर आम्हालाही घेता येईल, तुम्ही ताठ राहिलात तर आम्हाला वाकणं जड जातं, असा त्यांचा आग्रह. रानडे गेले आणि मंडळींबरोबर बसून ते उरकून आले. रमाबाईंना हे पटलं नाही. आपल्या नवऱ्याने, ज्याने काही चूक केली असं त्याला स्वतःला वाटत नाही, त्याने चूक केल्याचा विधी का करावा? त्यांनी ते बोलून दाखवलं. रानड्यांचं म्हणणं थोडक्यात एवढंच होतं की मित्रांचा त्रास माझ्या एका कृतीने संपत असेल तर माझा मान मधे आणायचं कारण नाही.

त्यानंतर दोन्हीकडून मार पडला. सुधारकांच्या मते पुढाऱ्याने कच खाल्ली. सनातन्यांच्या मते अखेर वठणीवर आला. मी तरुणपणी हा भाग वाचला तेव्हा सुधारकांच्या बाजूने होतो, आणि आजही पूर्ण हललो आहे असं म्हणवत नाही. ज्याच्यामागे लोक चालतात त्याने वाकून दाखवलं की मागच्यांचा कणा जातो, यात तथ्य आहे. पण टेबलावर बसून मी जी माणसं पाहिली त्यांच्यात दुसऱ्याच्या घरची अडचण आपल्या नावावर घेणारा माणूस विरळा. बहुतेक खुलासे हे ‘माझा यात संबंध नाही, विचारायचं तर अमक्याला विचारा’ या जातीचे असतात. रानड्यांचं प्रायश्चित्त हा असा एक खुलासा होता की ज्यात खुलासा करणाऱ्याचा स्वतःचा फायदा काहीच नव्हता.

रमाबाईंच्या याच पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. १८८४ साली पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची खटपट चालली होती, ज्यातून हुजूरपागा उभी राहिली. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचलं. वय बावीस. घरी परतल्यावर जेवणघरात घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी जे तोंड सोडलं ते रमाबाईंनी बारकाव्याने लिहून ठेवलं आहे. पेपरातली टीका घडी करून बाजूला ठेवता येते. ही टीका त्याच स्वयंपाकघरात, रोज, पाटावर बसवून ऐकवलेली. रानड्यांचा सल्ला असा की उलट उत्तर देऊ नये, आणि जे चाललं आहे तेही सोडू नये. बायकोला सांगितलेलं ते स्वतः बाहेर पाळत होते. १८९५च्या डिसेंबरात पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. काँग्रेसच्याच मंडपात सामाजिक परिषद भरवायची रीत होती, ती इथे चालू देणार नाही, म्हणून मोठं रण माजलं, मंडप जाळण्याची भाषा झाली. रानड्यांनी मंडप सोडला, परिषद दुसरीकडे भरवली आणि भाषण केलं. जागा सोडली, विषय सोडला नाही. हे सुचायला सोपं आणि करायला फार जड, कारण जागा सोडताना लोक हसतात आणि विषय चालू ठेवलेला पुढे कोणाला दिसत नाही.

टिळकांनी जागा कधी सोडली नाही. त्यांची या बाबतीतली शेवटची लढाई लंडनमध्ये झाली, आणि तिथे खुर्च्या उलट लागल्या होत्या. सर व्हॅलेंटाइन चिरोल या ‘टाइम्स’च्या बातमीदाराने १९१०मध्ये हिंदुस्थानातल्या असंतोषावर पुस्तक काढलं. टिळक तेव्हा मंडालेत. पुस्तकात रँडच्या खुनापासून ताईमहाराज प्रकरणापर्यंत सगळं ओढून आणून टिळकांच्या दारात टाकलं होतं. सुटून आल्यावर टिळकांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. छत्तीस वर्षांपूर्वी बर्वे जिथे बसले होते त्या जागी आता ते. १९१९च्या जानेवारी-फेब्रुवारीत खटला चालला. चिरोलच्या बाजूने एडवर्ड कार्सन, उलटतपासणीत माणसाची साल काढण्याबद्दल नावाजलेले. १८९७ आणि १९०८ या दोन राजद्रोहाच्या शिक्षा त्यांनी ज्यूरीपुढे पुन्हा पुन्हा मांडल्या. अब्रू गेली म्हणून दावा केला की आधी अब्रू किती होती हा प्रश्न येतोच, आणि राजद्रोहात दोनदा शिक्षा झालेल्या माणसाची अब्रू लंडनच्या ज्यूरीच्या वहीत किती असणार? दावा फेटाळला गेला, खर्च अंगावर पडला.

माझ्या मते तो दावा लावायला नको होता. इंग्रज ज्यूरी आपल्याला न्याय देईल असा भरवसा टिळकांना खरंच होता, की निदान जगापुढे एकदा उभं राहून सांगायचं होतं, यावर चरित्रकार भांडत राहतील. बर्व्यांना जे मिळालं ते टिळकांना मिळालं नाही, आणि टिळकांना जे मिळालं ते बर्व्यांना मिळालं नव्हतं: खर्च भरून काढायला लोकांनी वर्गणी केली आणि ती लाखांत गेली. चिरोलच्या त्याच पुस्तकात टिळकांबद्दल असंतोषाच्या बापाचे ते शब्द आहेत. त्याने ते आरोप म्हणून लिहिले होते. आपण त्यांतलं एक अक्षर न बदलता बिरुद करून घेतलं, आणि दर एक ऑगस्टला वक्तृत्वस्पर्धेत पोरं ते टाळ्यांच्या जागी म्हणतात. परीक्षक म्हणून बसलो की टाळ्या मीही वाजवतो.